वडिलांची शुश्रूषा आणि कामाच्या वेळा: अर्जात नेमके काय मागावे?

सांजवेळ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांना सहा वर्षांपासून पार्किन्सन, म्हणजे कंपवात आहे. आई हयात नाही, मला भाऊबहीण नाही आणि पत्नीची नोकरी पाळ्यांची असल्यामुळे सकाळची सारी जबाबदारी माझ्यावर असते. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या लेखा विभागात नऊ वर्षे काम करतो आहे आणि पाच जणांच्या गटाचा प्रमुख आहे.

आमची सकाळ कशी जाते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण माझा प्रश्न त्यावरच अवलंबून आहे. सात वाजता वडिलांना गोळी द्यावी लागते आणि तीही न्याहारीच्या निदान अर्धा तास आधी. गोळी लागू पडेपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण तास, त्यांना कूसही बदलता येत नाही. तेवढा वेळ मी नुसता शेजारी बसून असतो. मग शरीर सैल होते, पावले उचलली जाऊ लागतात, आणि पुढच्या दीड तासात तोंड धुणे, आंघोळ, कपडे, न्याहारी हे सगळे उरकून घ्यावे लागते, कारण त्यानंतर औषधाचा अंमल हळूहळू ओसरतो. सदऱ्याचे एक बटण लावायला त्यांना तीन-चार मिनिटे लागतात, पण ते त्यांचे त्यांनीच लावायचे असते. मी घाईने हात पुढे केला तर ते काही बोलत नाहीत, फक्त मान फिरवतात, आणि तो सगळा दिवस मला लागून राहतो. साडेनऊला मदतनीस येतो आणि रात्री आठपर्यंत थांबतो.

कार्यालय नऊला सुरू होते. पूर्वीच्या वरिष्ठांनी मला साडेदहाला येण्याची आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा दिली होती, पण ती तोंडी होती. दीड वर्ष हे सुरळीत चालले आणि कामाबद्दल एकही तक्रार आली नाही. तीन महिन्यांपूर्वी ते दुसरीकडे गेले. नव्या वरिष्ठांचे म्हणणे असे की कागदावर नसलेली सवलत त्यांना मान्य करता येणार नाही. काही मागायचे असेल तर मनुष्यबळ विभागाकडे रीतसर अर्ज करावा. दरम्यान माझ्या हजेरीत रोज उशिराची नोंद होते आहे आणि दर तीन नोंदींमागे अर्ध्या दिवसाची रजा कापली जाते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वेळ पुढे सरकवून मागावी, तास कमी करून मागावेत, की घरून काम मागावे? वडिलांच्या आजाराबद्दल अर्जात किती लिहावे? आणि असा अर्ज केल्यावर बढतीच्या वेळी तो माझ्या विरोधात जातो का? एका सहकाऱ्याने मला सहज विचारले, “हे सगळे घरात पत्नीने बघायचे असते ना?” त्याच्या मनात वाईट काही नसावे, पण तेव्हापासून अर्ज लिहायला बसलो की तेच वाक्य आठवते.

नोंदवही

मी सोळा वर्षे मनुष्यबळ विभागात आहे. असे अर्ज मी मंजूरही केले आहेत आणि नामंजूरही. नामंजूर केलेल्यांपैकी काही अजून मनात सलतात, कारण त्यांतली गरज खरी होती, फक्त अर्ज उलट्या टोकाकडून लिहिलेला होता. बहुतेक अर्जांत दीड पान आजाराचे असते आणि शेवटी “तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीने विचार व्हावा” असे एक वाक्य असते. वाचणाऱ्याला वाईट वाटते, पण सही नेमकी कशावर करायची हे त्याला कळत नाही. म्हणून आपण पहिल्याच परिच्छेदात मागणी लिहा: कामाची वेळ नऊ ते सहाऐवजी साडेदहा ते साडेसात असावी, अमुक दोन दिवस घरून काम असावे आणि ही व्यवस्था अमुक तारखेपासून लागू व्हावी. कारण त्याच्या खाली येऊ द्या.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मजकुरात आहे, असे मला वाटते. आपली गरज घड्याळाला बांधलेली आहे. सात ते साडेनऊ हा वेळ हलवता येत नाही, कारण तो औषधाने ठरवलेला आहे. मात्र साडेदहानंतर आपण पूर्ण वेळ उपलब्ध आहात. अशा माणसाने तास कमी करून मागू नयेत. तास कमी केले की पगार लगेच घटतो, काम मात्र सहसा घटत नाही, आणि आपल्याला वेळ कमी नकोच आहे, तो दिवसाच्या दुसऱ्या टोकाला हवा आहे. व्यवस्थापनाच्या दृष्टीनेही ही मागणी मान्य करायला सोपी असते, कारण रोज काय घडणार हे त्यांना आधी माहीत असते.

घरून कामाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरून काम करणे म्हणजे काम करता करता शुश्रूषा करणे नव्हे. असे अर्जात चुकूनही सूचित होऊ देऊ नका, आणि खरे तर स्वतःच्या मनातही ठेवू नका. आधाराशिवाय उठता न येणारा माणूस शेजारच्या खोलीत असताना ताळेबंदाची जुळवाजुळव होत नाही. दोन्हींकडे अर्धे लक्ष राहते आणि माणूस दोन्हींकडे अपराधी होतो. घरून काम केल्याने आपला येण्याजाण्याचा वेळ वाचतो, मदतनीस अर्धा तास उशिरा आला तरी दिवस कोलमडत नाही, आणि काही घडलेच तर आपण दोन मिनिटांत वडिलांपाशी पोहोचता. मागणीचे समर्थन एवढ्यावरच करा, ते पुरेसे आहे. वरिष्ठांना दाखला हवा असेल तर अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत केलेल्या प्रयोगाचा द्या. तिथल्या १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू दिले, त्यांच्यात नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले, आणि मूल्यमापनात किंवा बढत्यांत इतरांपेक्षा फरक पडलेला दिसला नाही. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता जो भाग बहुतेक अर्जांत नसतोच, त्याबद्दल. नऊ ते साडेदहा या दीड तासात आपल्या गटात कोणती कामे येतात आणि त्यांतल्या कोणत्या कामांना आपणच लागता, याची दोन आठवडे नोंद ठेवा. बहुधा असे दिसेल की दहा कामांपैकी सात साडेदहापर्यंत थांबू शकतात, दोन गटातले दुसरे कोणीतरी करू शकते आणि एखादेच असे असते की ज्यासाठी आपला निर्णय लागतो. त्या एका कामाचे काय करायचे ते अर्जात आपणच सुचवा. लेखा विभागात महिनाअखेरीची धावपळ असते. त्या तीन-चार दिवसांसाठी वेगळी तजवीज लागेल, आणि ती आपण न विचारता मांडली तर समोरच्याची अर्धी शंका तिथेच फिटते.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी लॉरेन्स कॅट्झ यांच्यासह अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांच्या व्यवसायाचा अभ्यास केला होता. त्या व्यवसायात कमी तास काम करणाऱ्यांना ताशी मोबदल्यात फारसा फटका बसत नाही, आणि त्याचे एक मोठे कारण असे की रुग्णाची सारी नोंद संगणकावर असते, औषधे प्रमाणित असतात, त्यामुळे एका औषधतज्ज्ञाच्या जागी दुसरा उभा राहिला तरी ग्राहकाचे काही अडत नाही. मी कामाच्या वेळांबद्दल कोणाशीही बोलताना हे उदाहरण देतो. ज्या कामाची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते त्या कामाला वेळेची सूट देता येत नाही. ती माहिती कागदावर आली की देता येते. म्हणून आपल्या कामाच्या नोंदी इतरांना वाचता येतील अशा ठेवण्याची तयारी अर्जात दाखवा. ही आपली सर्वांत मजबूत बाजू ठरेल.

आजाराबद्दल फार लिहू नका. “माझ्या वडिलांना दीर्घकालीन आजार असून सकाळी सात ते साडेनऊ या वेळेत त्यांना माझ्या प्रत्यक्ष मदतीची गरज असते” एवढे वाक्य आणि सोबत त्याच अर्थाचे डॉक्टरांचे पत्र पुरते. आजार वडिलांचा आहे. त्याचा तपशील किती जणांच्या टेबलावरून फिरावा हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.

तीन महिन्यांची चाचणी आणि त्यानंतर आढावा, असे स्वतःहून सुचवा. आढाव्यात काय पाहिले जाईल हेही आधीच लिहून घ्या, नाही तर तीन महिन्यांनी कोणाच्या तरी मनात जे आले असेल त्याचा आढावा होतो. आणि हजेरीच्या यंत्रणेत आपली पाळी प्रत्यक्ष बदलून घ्या. मंजुरीचे पत्र हातात असूनही पाळीची वेळ जुनीच राहिल्यामुळे रोज उशिराची नोंद होत राहिली आणि पगार कापला गेला, अशी प्रकरणे मी स्वतः निस्तरली आहेत. यंत्राला पत्र वाचता येत नाही.

पाऊलवाट

नोंदवही यांनी तास कमी न करण्याबद्दल जे लिहिले आहे, ते मी भोगलेले असल्याने त्यात भर घालते.

माझ्या मुलीला अपस्मार आहे. ती पाच वर्षांची असताना मी आठवड्याचे चाळीस तास चोवीसवर आणले आणि पगार साठ टक्क्यांवर आला. कंपनीने पत्र दिले, अभिनंदनही केले. पण माझ्याकडचे सात ग्राहक होते ते सातच राहिले, उद्दिष्ट तेच राहिले, दर गुरुवारची बैठक मी सुट्टीवर असलेल्या दिवशीच होत राहिली. मी घरी बसून ती बैठक ऐकत असे आणि तो वेळ कुठेही धरला जात नसे. वर्षाच्या शेवटी मूल्यमापनात “उद्दिष्टाच्या सत्तर टक्के” असा शेरा आला. साठ टक्के वेळेत मी सत्तर टक्के काम केले होते आणि त्याची नोंद कमतरता म्हणून झाली. ते वाक्य वाचून मी कितीतरी वेळ जागची हलले नाही.

चूक माझीही होती. पत्रात फक्त तासांचा उल्लेख होता, कामाचा नव्हता. ज्याला तास कमी करण्यावाचून गत्यंतरच नसेल त्याने त्याच पत्रात किती काम कमी होणार, ते कोणाकडे जाणार आणि उद्दिष्टाचा आकडा किती होणार, हे लिहून घ्यावे. निवृत्तिनिधीत जाणारी रक्कम पगाराच्या प्रमाणात ठरत असेल तर तीही घटते. त्याचा हिशेब मी तीन वर्षे केलाच नाही. आणि पूर्णवेळ कामावर परतण्याचा मार्ग पत्रात लिहिलेला नसेल तर परतणे ही नव्याने मागायची गोष्ट होऊन बसते.

दुसरा मुद्दा असा की सांजवेळ यांची गरज वेळेला बांधलेली आहे, तशी माझी नव्हती. झटका केव्हा येईल ते सांगता येत नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर ती आणीबाणी असते आणि शाळेतून फोन आला की मला त्या क्षणी उठावे लागते. मी तास कमी केले, पण झटके काही मी सुट्टीवर असलेल्या दिवशी येत नव्हते. म्हणजे मी पगार सोडून जे विकत घेतले त्याचा मला उपयोगच नव्हता! मला हवी होती ती उठून जाण्याची मोकळीक आणि मागे राहिलेले काम उचलणारे एक ठरलेले माणूस.

शेवटी तीच व्यवस्था झाली. मी पुन्हा पूर्णवेळ झाले. माझी आणि एका सहकारिणीची जोडी लावली गेली. तिच्या अडचणीच्या वेळी मी, माझ्या वेळी ती. रोज निघताना आम्ही दोघी सामायिक फाइलमध्ये चार ओळी लिहितो: काय झाले, काय अर्धे आहे, कोणाचा फोन अपेक्षित आहे आणि कागद कुठे आहेत. लिहायला सात-आठ मिनिटे लागतात. गेल्या वर्षी मला अकरा वेळा मधूनच उठून जावे लागले आणि एकाही ग्राहकाला ते कळले नाही.

सांजवेळ, आपल्यालाही कधी मदतनीस येणार नाही, वडील कधी पडतील. आपल्या अर्जात ठरलेल्या वेळेची मागणी आहे, पण त्या अवचित दिवसांसाठीही एक परिच्छेद असू द्या. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात घालू नका, नाही तर पहिल्या मागणीचा नेमकेपणा दुसरीत विरून जातो.

कलमदान

आपण कोणत्या देशात नोकरी करता हे लिहिलेले नाही आणि या चर्चेत निरनिराळ्या देशांतले वाचक असतात, म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो.

मूळ आधार आहे तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५६ क्रमांकाच्या करारात. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांविषयीचा हा करार पुरुष आणि स्त्रिया दोघांना लागू होतो, त्यात मुलांबरोबरच आधाराची गरज असलेले जवळचे कुटुंबीय येतात, आणि कौटुंबिक जबाबदारी हे नोकरीवरून काढण्याचे वैध कारण होऊ शकत नाही असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तो मान्य केलेल्या देशांवरच तो बंधनकारक असतो, तरी “हे पत्नीने बघायचे असते” या वाक्याला चार दशकांपूर्वीच दिलेले उत्तर म्हणून तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच वेळेत किंवा ठिकाणात बदल मागण्याचा हक्क आहे. बारा महिन्यांत दोन अर्ज करता येतात, मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि नकार देण्याआधी कर्मचाऱ्याशी चर्चा करावी लागते. त्याच तारखेपासून शुश्रूषेसाठी वर्षाला एक आठवड्याची बिनपगारी रजाही मिळू लागली, आणि ती अर्ध्या अर्ध्या दिवसाने घेता येते. ऑस्ट्रेलियात साधारणपणे बारा महिन्यांच्या नोकरीनंतर शुश्रूषा करणाऱ्याला असा अर्ज करता येतो, एकवीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते, आणि जून २०२३ पासून नकाराचा वाद फेअर वर्क कमिशन या तिथल्या कामगारविषयक लवादाकडे नेता येतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार सदस्य देशांना शुश्रूषेसाठी वर्षाला निदान पाच दिवसांची रजा द्यावी लागते. शिवाय कामाच्या वेळा काही मुदतीसाठी बदलून घेतल्या असतील तर ती मुदत संपल्यावर मूळ वेळापत्रकावर परतण्याचा हक्कही त्यात आहे. पाऊलवाट यांना जे मागावे लागले असते ते तिथे कायद्यातच लिहिलेले आहे.

यांतल्या वेळ किंवा ठिकाण बदलून मागण्याच्या तरतुदी नीट वाचल्या तर एक गोष्ट दिसते, ती अशी की हक्क आहे तो मागण्याचा आणि कारणासह उत्तर मिळण्याचा. मागणी मान्य होण्याचा नव्हे. तरीही तो क्षुल्लक नाही. कारण लिहून द्यावे लागले की पुष्कळसे नकार देणाऱ्यालाच टिकणारे वाटेनासे होतात.

अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांतून आईवडील, जोडीदार किंवा मुलाच्या गंभीर आजारासाठी वर्षाला बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. ती वैद्यकीय गरजेनुसार तुकड्या-तुकड्यांनीही घेता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जपानमध्ये शुश्रूषेची गरज असलेल्या प्रत्येक कुटुंबीयामागे एकूण ९३ दिवसांची रजा तीन भागांत घेता येते. तिचा उद्देश स्वतः शुश्रूषा करणे एवढाच नसून शुश्रूषेची घडी बसवून देणे हाही मानला जातो, आणि तो विचार मला मोलाचा वाटतो.

भारतात मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली आणि त्यानंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद आली. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पालक असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. खासगी नोकरीत वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी मात्र असा सर्वसाधारण हक्क नाही. तिथे कंपनीचे धोरण आणि नेमणुकीचे पत्र यांवरच भिस्त असते, म्हणून अर्ज करण्याआधी ही दोन्ही कागदपत्रे शांतपणे वाचून काढा. “कामाच्या वेळा व्यवस्थापन ठरवेल” अशा वाक्याखाली “आणि प्रसंगपरत्वे बदलू शकेल” असेही लिहिलेले पुष्कळदा आढळते, आणि ते दोन्ही बाजूंना लागू होते.

शेजारचे टेबल

मी या चर्चेतल्या तिसऱ्या बाजूचा आहे. माझ्यावर कोणाच्या शुश्रूषेची जबाबदारी नाही आणि आमच्या विभागात दोघांना वेळेची सूट आहे.

सूट मिळाली तेव्हा आम्हाला ती सांगितलीच गेली नाही. सकाळचे फोन माझ्याकडे येऊ लागले आणि दोन महिन्यांनी मला कळले की ही तात्पुरती अडचण नसून कायमची व्यवस्था आहे. त्या सहकाऱ्यांबद्दल माझ्या मनात जो कडवटपणा आला त्याची मला आजही खंत वाटते, कारण त्यातली एक आपल्या अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे करत होती आणि मी तिच्याशी आठ-आठ दिवस धड बोलत नव्हतो. मला राग होता तो न विचारता माझा दिवस बदलल्याचा. पुढे नव्या प्रमुखांनी सर्वांना बसवून सकाळचे फोन आळीपाळीने वाटले आणि संध्याकाळी उशिरा येणारी कामे त्या दोघांकडे दिली. मला आता सहाला निघता येते, पूर्वी कधीच येत नसे.

सांजवेळ, आपण तर गटाचे प्रमुखच आहात. आपल्या पाच जणांशी अर्ज करण्याआधी बोला. आजाराचा तपशील नका सांगू, पण आपण साडेसातपर्यंत असणार म्हणजे त्यांच्यावरून नेमके काय उतरणार आहे, ते सांगा.

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण नोंदवही यांनी सांगितलेली नोंद मी खरोखरच दोन आठवडे ठेवली.

नऊ ते साडेदहा या वेळेत एकूण एकेचाळीस कामे आली. त्यांपैकी एकतीस थांबू शकली असती, सात गटातल्या कोणीही केली असती आणि माझ्यावाचून अडली अशी तीनच होती. ती तिन्ही एकाच प्रकारची निघाली: ठरावीक रकमेपुढच्या देयकांना मंजुरी. ही मंजुरी आदल्या संध्याकाळी देता येते, फक्त कागद साडेसहापर्यंत माझ्याकडे यायला हवेत. नऊ वर्षे या विभागात काम करून मला हे माहीत नव्हते.

गटाशी बोललो. मला वाटले होते की ते अवघडून बसतील, पण एका मुलीने लगेच विचारले की संध्याकाळी उशिरा येणाऱ्या खुलाशांच्या मागण्या मी घेणार असेन तर तिला आठवड्यातून दोनदा वेळेवर निघता येईल का. तिच्याही घरी कोणीतरी आजारी आहे. ती चार वर्षे माझ्या हाताखाली काम करते आहे आणि मला याची कल्पना नव्हती. तिचा अर्ज आम्ही माझ्या अर्जाबरोबरच देतो आहोत.

वडिलांना विचारून आजाराचे नाव अर्जात घातलेले नाही. ते म्हणाले, “लिहिलेस तरी चालेल, पण बटणाचे लिहू नकोस.” ते इथे लिहिले होते, हे मी त्या संध्याकाळी त्यांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की तिथे मला कोण ओळखतो.

अर्जाचा मसुदा असा झाला आहे: पहिल्या परिच्छेदात वेळ, दिवस आणि तारीख, दुसऱ्यात गरजेचे एक वाक्य आणि डॉक्टरांच्या पत्राचा उल्लेख, तिसऱ्यात कामाची नोंद, देयकांच्या मंजुरीची नवी वेळ आणि महिनाअखेरीचे चार दिवस, ज्या दिवशी पत्नीने आपली पाळी बदलून घेण्याचे कबूल केले आहे, चौथ्यात अवचित प्रसंगासाठी गटातल्या एका सहकाऱ्याशी लावलेली जोडी, पाचव्यात तीन महिन्यांची चाचणी. बढतीबद्दल काय लिहावे ते मात्र सुचत नाही. लिहिले तर अविश्वास दाखवल्यासारखे होते आणि पाऊलवाट यांचा अनुभव वाचल्यावर न लिहिण्याचे धैर्य होत नाही.

नोंदवही

बढती हा शब्द लिहू नका. पाचव्या परिच्छेदात एक वाक्य वाढवा: “माझ्या कामाचे तास व उद्दिष्टे पूर्वीप्रमाणेच राहत असल्याने वार्षिक मूल्यमापन त्याच निकषांवर व्हावे, अशी विनंती आहे.” यात अविश्वास नाही, आणि उद्या कोणी उपस्थितीचा मुद्दा काढला तर दाखवायला सही झालेला कागद आपल्याकडे राहील.

आणखी दोन बारीक गोष्टी. गेल्या तीन महिन्यांत कापलेल्या रजेचा उल्लेख या अर्जात करू नका. आधी हा मंजूर होऊ द्या, मग त्यासाठी वेगळे पत्र द्या, म्हणजे एकाचा निर्णय दुसऱ्यासाठी अडून राहणार नाही. आणि कंपवात वाढत जाणारा आजार आहे, तेव्हा औषधाच्या वेळा बदलल्यास कामाच्या वेळेत पंधरा दिवसांच्या सूचनेने बदल सुचवता येईल, असे एक वाक्य आत्ताच घालून ठेवा. त्या मुलीच्या अर्जातही ते असू द्या.